तुरटी फिरवलेलं पाणी

रजत : माशांच्या टँकमधी काय ओतलं, ते सांग आधी.

विमलताई : पाणी, बाबू. दुसरं काय ओतीन? तुमी दोघं नागपूरले लग्नाले गेलते. इथं ऊन असं, का पेटीतलं पाणी बोट-बोट उतरून राह्यलं होतं.

रजत : त्याच्यासाठीच तं आरओच्या कॅना भरून ठेवलत्या!

विमलताई : त्या सरल्या. मंग लाइन गेली, आरओची मशीन बंद पडली ते पुन्हा सुरूच नाही झाली. लाइन आली तं पेटीची मोटर खरखर करे. मले वाटलं, मासे मरतीन.

रजत : म्हणून नळाचं ओतलं.

विमलताई : तसंच नाही रे ओतलं. हंड्यात तुरटी फिरवली, गाळ बसू देला, धुतलेल्या लुगड्यातून गाळलं. चांगलं नितळ झालतं.

दिपाली : तुरटी? अहो आई, नुसत्या नळाच्या पाण्यानेही कोरल मरतात. बघा, सगळी पांढरी पडली. समुद्रातले जीव आहेत ते!

रजत : अख्ख्या वणीत असा टँक नाही कोणाकडं. लेकरासारखे वाढवलते मी ते कोरल.

विमलताई : चुकलं माहं. आमी तं जलमभर पाणी असंच साफ केलं. तुले बी तेच पाजलं, तुह्या बापाले बी.

रजत : हो ना. अन् बाप कायनं गेला? किडन्या गेल्या त्याच्या. डॉक्टर काय म्हणे? गावच्या पाण्यानं झालं. कोण पाजे ते पाणी?

विमलताई : रजत, असं नको बोलू रे.

रजत : काहून नको? आधी त्याले मारलं, आता हे मारले.

विमलताई : गावात दुसरं पाणीच नोतं, बाबू. डोक्यावर आणो मी ते. उन्हातान्हात.

दिपाली : जाऊ दे, रजत. पण पुढच्या महिन्यात बाळ झालं, की त्याच्या बाटलीच्या पाण्यातही ह्या तुरटी फिरवतील. मला भीती वाटते. बाळंतपणाला माझ्या आईलाच बोलावते.

विमलताई : नको वो, माय. बाळासाठीच तं मी आली. दुपटी शिवली त्याच्यासाठी. तू म्हणशीन तसंच करीन.

रजत : उद्या गावाले जाय, घाटंजीच्या गाडीत बसवून देतो तुले. बाळ मोठं झालं का येजो पाहाले.

विमलताई : हात बी नाही लावणार त्याले. नुसती कोपऱ्यात बसून पाहीन.

रजत : एकदा सांगितलं ना! अन् जाईपर्यंत या घरात कोणाले पाणी देऊ नको. पाहुण्याले बी नाही. समजलं?

विमलताई : समजलं.

रजत : (खोकत) बोलून बोलून घसा कोरडा पडला. आई, पाणी आण बरं जरासं.

विमलताई : दिपाली, याले पाणी दे, माय. माह्या हातचं याच्या बापाले बी नाही सोसलं.