घराला टेकलेली जमीन

आर्डिस : नदीनं माझं घर कधी बुडवलं नाही, वेंडेल. बुडवलं ते त्या वरच्या साहेबांनी. खुर्चीत बसून, पाय कोरडे ठेवून नकाशावर पुराचा एक निळा फराटा ओढला, की माझं घर पाण्यात! नदी येते तेव्हा आधी गढूळ तरी होते, आवाज तरी करते. ह्यांनी नुसतं पत्र टाकलं.

वेंडेल : बाई, ती पट्टी जरा सरळ धरा ना. तुम्ही बोलायला लागलात की ती हलते आणि माझ्या दुर्बिणीत आकडे नाचतात.

आर्डिस : चौथीत तुला फळ्यावर एक रेघ सरळ मारता येत नव्हती, आणि आज मला सांगतोस सरळ धर!

वेंडेल : म्हणून तर मोजणीदार झालो. आता रेघ दुर्बीण मारते, मी फक्त बिल लावतो. हं, झालं. घ्या ऐकून. तुमचा उंबरठा पूररेषेच्या तीन फूट वर. मागच्या भिंतीपाशी जमीन एक फूट वर. पूर्वेला नऊ इंच.

आर्डिस : म्हणजे घर कोरडं.

वेंडेल : आत्तापर्यंत तरी कोरडं.

आर्डिस : मग मार त्या घर पट्ट्यातून काढायच्या अर्जावर सही! ब्रिटाला आत्ता फोन करते. हे घर विकत घ्यायला माझी नात तीन महिने बँकेचे उंबरे झिजवतेय रे. कडेवर सहा महिन्यांचं बाळ आणि हातात कागद. बँक म्हणते, घर पुराच्या पट्ट्यात आहे, विमा काढा, नाहीतर कर्ज नाही. आणि त्या विम्याचा हप्ता ऐकून तिचा नवरा खालीच बसला. मी गावात चर्चजवळच्या दोन खोल्यांत जायला तयार आहे. पण हे घर तिलाच जायला हवं. नाहीतर कोणीतरी येईल, घर पाडेल आणि माझ्या स्वयंपाकघरात मका पेरेल.

वेंडेल : थांबा, फोन नका करू. अजून एक जागा राहिलीय. हा रॅम्प.

आर्डिस : तो आमच्या ह्यांच्या, हार्लनच्या चाकाच्या खुर्चीसाठी केलेला. शेवटची दोन वर्षं त्यावरूनच खालीवर करायचे ते. तो काय घर आहे?

वेंडेल : कायद्यात आहे. घराला जे जोडलंय, ते घर. आणि मोजायची असते ती घराला टेकलेली सगळ्यात खालची जमीन. रॅम्पचं टोक जिथं मातीला टेकलंय ना, तिथं पट्टी धरा. अजून पुढं. हं.

आर्डिस : काय हं?

वेंडेल : पूररेषेच्या चार इंच खाली.

आर्डिस : अरे, म्हणजे उद्या पूर आला आणि त्या टोकाशी चार बोटं पाणी साचलं, की साहेब तिकडं लिहिणार, आर्डिस बुडाली! मी वर ओट्यावर बसून कॉफी पितेय आणि कागदावर गटांगळ्या खातेय!

वेंडेल : कागदावर तसंच. इतका लांब रॅम्प करायला कोणी सांगितला होता पण? नियमानं ह्याच्या निम्मा पुरला असता. तिथं जमीन अजून वर होती.

आर्डिस : विचार त्यालाच. तो बघ, कुंपणापलीकडून मघापासून बघतोय आणि बघत नसल्यासारखं करतोय. क्लीटस! ये इकडं. शेजाऱ्याच्या घरी यायला तुला आमंत्रण लागतं का?

क्लीटस : कामात असाल म्हटलं.

आर्डिस : तुझ्या रॅम्पनं माझं घर बुडवलं.

क्लीटस : नऊ वर्षांत तसूभर हललेला नाही तो.

वेंडेल : हलला नाही हीच तर अडचण आहे, क्लीटसकाका. इतका लांब का केला?

क्लीटस : उतार हळू हवा होता.

वेंडेल : नियमात बसेल एवढा?

क्लीटस : नियम कोणाला माहीत होता? हार्लन अडीचशे पौंडांचा गडी. आणि ढकलणार कोण? ही. एकटी. मी हार्लनच्या वजनाची माती भरून हातगाडा बांधाच्या उतारावर ढकलून बघितला, हिच्या एका हातानं ढकलला जाईल इतका उतार धरला. मग तो निघाला तितका निघाला.

आर्डिस : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

क्लीटस : तू कधी विचारलं नाहीस.

वेंडेल : आणि भिंतीला हे काय ठोकलंय? हे बोल्ट कुठले?

क्लीटस : जुन्या पुलाचे. पूल काढला तेव्हा जपून ठेवले होते.

वेंडेल : पुलाचे! आणि मोजतो तर चौदा. चार पुरले असते.

क्लीटस : चर्चमधून चौदा जण आले होते. शनिवारचा दिवस मोडून आलेले. प्रत्येकाला एक तरी नको का?

आर्डिस : बघ! ह्या गावातल्या माणसाला एक खिळा मागावा, तर हा असा पूल बांधून जातो. आणि बायका ओव्हनमध्ये भाजलेल्या कॅसरोलची सात भांडी घेऊन आल्या, तीही सगळी बटाट्याचीच. मी आठवडाभर बटाटा खाल्ला. बरं, आता उपाय बोल. रॅम्प पाडायचा?

वेंडेल : पाडायची गरज नाही. चौदा बोल्ट काढायचे आणि भिंतीलगत दोन बोटांची फट पाडायची. रॅम्प आपल्या खांबांवर एकटा उभा राहिला, तर तो घर नाही. शेजारी.

आर्डिस : आणि नाही उभा राहिला तर?

क्लीटस : राहील.

आर्डिस : इतकं छातीठोक?

क्लीटस : खांब मी पुरलेत.

(क्लीटस घरून पाना आणि करवत घेऊन येतो. बराच वेळ करवतीचा आवाज. मग तो थांबतो.)

वेंडेल : उभा आहे. वर जाऊन उड्या मारून आलो. क्लीटसकाका, मानलं.

क्लीटस : ठीकच झालंय.

आर्डिस : त्याच्या तोंडून ‘ठीक’ म्हणजे दुसऱ्यानं फटाके लावण्यासारखं आहे. बसा दोघं. रूबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्या केल्यात. क्लीटस, घे.

क्लीटस : नको.

आर्डिस : एक घे.

क्लीटस : नको, आत्ताच खाल्लंय.

वेंडेल : बाई, तिसऱ्यांदा विचारा, नाहीतर माणूस उपाशी जाईल.

आर्डिस : घेतोस का कुत्र्याला घालू?

क्लीटस : दे मग एक. ती कडेची, मोठी.

वेंडेल : बाई, कागद आज पाठवतो. पट्ट्यातून घर बाहेर पडलं, की बँकेची सक्तीही जाईल असं वाटतं. ब्रिटाला कर्ज मिळेल. पण एक सांगू? तरीही एक लहानसा विमा काढायला सांगा तिला. झेपेल तेवढाच.

आर्डिस : आत्ता दोन तास खपून मला कोरडी केलीस, आणि आता परत भिजवतोस?

वेंडेल : पूर्वेला नऊ इंच आहेत. नऊ इंच म्हणजे एक वीत. त्र्याण्णव साली पाणी कुठवर आलं होतं?

आर्डिस : क्लीटसच्या मक्याच्या कोठारापर्यंत. सगळ्यांना माहीत आहे.

वेंडेल : आणि दोन हजार आठ साली?

क्लीटस : कोठाराच्या आत. माझं बियाणं गेलं.

वेंडेल : आणि तुमचं कोठार पट्ट्याच्या बाहेर आहे, क्लीटसकाका. आजही नकाशावर कोरडं ठणठणीत. नकाशा काढला जुन्या पावसाच्या आकड्यांवर. तेव्हा वरच्या अंगाच्या शेतांत जमिनीखाली साचलेलं पाणी काढून न्यायचे पाइप नव्हते. आता सगळ्यांनी घातलेत. शेत चटकन वाळतं आणि ते पाणी तितक्याच चटकन नदीत येतं.

क्लीटस : मीही घातलेत.

आर्डिस : कबूल करतोस तरी.

क्लीटस : मका चांगला येतो.

आर्डिस : म्हणजे माझ्या रॅम्पच्या टोकावर भांडायला ह्या साहेबांकडं इंच आहेत, आणि क्लीटसचं बियाणं वाहून गेलं तिथं ह्यांचा नकाशा कोरडा! वेंडेल, ब्रिटाला सांगते विमा काढायला. बँक सांगते म्हणून नाही, तू सांगतोस म्हणून. खालची पूर्वेची खोली ती बाळाला देणार आहे. त्या अर्जावर शेरा लिहायला जागा असते का?

वेंडेल : आहे. तीन ओळी. तिथं कोणी काही लिहीत नाही.

आर्डिस : मी सांगते ते लिही. शुद्धलेखन बघून. ‘साहेब, सकाळी माझं घर पुरात होतं. दुपारी नाही. मधल्या वेळात नदी हलली नाही, आम्ही एक लाकूड कापलं. तेव्हा तुमची रेघ कुठून जाते हे मी विचारत नाही. पाणी कुठवर येईल, ते सांगा.’ झालं?

वेंडेल : तीन ओळी संपल्या, बाई.

आर्डिस : समासात लिही. ‘उत्तर ह्याच पत्त्यावर पाठवा. मी इथं नसेन. पण घरात माणसं असतील.’