घामाचे मार्क

फिजिक्स शिकवणं सोपं आहे हो, शिकवलेलं निस्तरणं कठीण. स्पर्धा परीक्षेच्या माझ्या वर्गात सगळी बी.ए.वाली मुलं. एकदा त्यातल्या सुलभाला मी भिंत ढकलायला लावली. पोर घामाघूम झाली.

म्हटलं, “भिंत हलली का? नाही. म्हणजे तू केलेलं काम शून्य!”

“मगे ह्यो घाम कसलो, सर?”

“घामाला विज्ञानात मार्क नाहीत,” मी ऐटीत म्हणालो.

रविवारी किनाऱ्यावर तिच्या घरच्यांची रापण, म्हणजे काठावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, लागली होती. रापणीच्या दोराला जो हात लावेल त्याला माशांचा वाटा, हा आपल्याकडचा रिवाज. बांगड्यांच्या आशेने मीही दोर धरला. जाळं नेमकं खडकात अडकलं. अर्धा तास ओढलं, तसूभर हललं नाही. मी कंबर धरून वाळूत बसलो आणि लगेच जाळं सुटलं. बाकीच्यांनी ते ओढून काढलं.

वाटे घालायला सुलभाच बसलेली. मी पिशवी पुढे केली.

“सर, तुमी ओढताना जाळा हलला नाय. तुमचा काम शून्य.”

“अगो, हाताची सालं निघाली माझ्या! हा घाम बघ!”

“घामाक विज्ञानात मार्क नाय, सर. रापणीत बांगडे आसत. पिशवी धरा.”