रोवण्यानंतरचे आठ दिवस

अरे, मागच्या पावसाळ्यात शेअर बाजार पडला ना, तेव्हाची गोष्ट. मी सिहोऱ्याले मामाच्या बांधावर बसून मोबाईल पाहून राहिलो होतो. सारं लालच लाल!

म्हटलं, "मामा, सारे शेअर विकतो अन् तुमच्यासारखी गावच्या बँकेत एफडी करतो."

मामानं समोरच्या धानाच्या बांधीकडे बोट दाखवलं. "रोपं लावून रोवणा झाला, त्याले आठ दिवस झाले, धान पिवळे पडले. उपटू काय?"

"उपटता कायले? मुळं धरली का हिरवे होतात."

"मंग तू काहून उपटून राहिला?"

मी मोबाईल खिशात टाकला. मंग विचारलं, "इतकं समजते, त तुम्ही काहून नाही घेत शेअर?"

मामा म्हणे, "मले पिवळ्याची सवय हाय बा, लालची नाही."