नाटकानं काय मिळतं?

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा हं! गाणं, नाटक, सोंगं — यानं गावाचं काही भलं होतं, की नुसता वेळ जातो? मागचे काका मान डोलावताहेत... जागे आहात ना काका? बरं, ऐका!

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं एक गाव. तिथली रीत अशी — दिवाळी सरली, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती झाल्या, की नाटक! आणि नाटक म्हणजे घरोघरी पाहुणे. लेकी, जावई, व्याही — सगळे हजर!

यंदा सरपंच ऋषीजी कापगते म्हणाले, "नाटक बंद! त्या वर्गणीत गावाला कमान बांधू."

नेमकी तेव्हाच शहरातून यामिनी नावाची पोरगी आली. कशाला? तर नाटकानं गावाला काय मिळतं याचा अभ्यास करायला! हसू नका, मोठं काम आहे ते. चहावाला म्हणाला, धंदा. मंडपवाला म्हणाला, भाडं. मग ती पोचली सैत्राबाईच्या दारी. म्हातारी एकटी, अंगण सारवत बसलेली.

"आजी, तुम्हाला नाटकानं काय मिळतं?"

"लेक मिळते ना वं माय! वर्सातून एकदा, नाटकालेच धाडतात तिले."

"पण आजी... यंदा नाटक बंद केलंय."

अरेरे! म्हातारीला कोणी सांगितलंच नव्हतं हो! शेणाचे हात तसेच घेऊन ती उठली आणि थेट त्या दिवशी भरलेल्या ग्रामसभेत! यामिनी तिच्या मागं. म्हातारी म्हणाली, "नाटक नाही, त माही लेक कशी येईन?"

सरपंच म्हणाले, "सैत्राबाई, लेकीले भेटाले नाटक कायले पायजे? बस आहे, फोन आहे!"

"बस आहे रे बापू! पण सासू इचारते ना, काहून चालली? माय आठवते म्हून कोणी धाडत नाही!"

तेवढ्यात बायकांतून एक आवाज आला. कोणाचा? खुद्द सरपंचीणबाईंचा!

"तुमी तरी मले कवा धाडता हो? माह्या माहेरी नाटक असन तवाच ना?"

घ्या! ऋषीजींनी मान खाली घातली. म्हणाले, "कमान राहू द्या. नाटक ठरवा."

मंडळी, यामिनीनं अभ्यासात काय लिहिलं, मला ठाऊक नाही. पण उद्या कोणी वर्गणीला आला आणि 'यानं काय मिळतं?' असं ओठांवर आलं, तर आधी घरात बघा! आपल्या बायकोला, सुनेला माहेरी जायला निमित्त लागतं का? लागत असेल, तर दोष कोणाचा? आपलाच! तो सुधारेल तेव्हा सुधारेल — तोवर बाबांनो, नाटक तरी बंद करू नका!