काठोकाठ भरलेली बाटली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या नियोजन विभागाच्या बाई, त्यांचे यजमान आणि सभागृहात जमलेल्या बंधुभगिनींनो,

समारंभांना आणि बांधकामांना फिरती स्वच्छतागृहं पुरवणाऱ्या आपल्या कंपनीत मी वीस वर्षं ती ट्रकवरून उतरवून मांडतोय. बाईंच्या हातात सदा मोजायची टेप, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे 'टेपबाई' म्हणतो. आज तोंडावर म्हटलं. उद्यापासून त्या माझं काय वाकडं करणार?

पण माझी चूक कबूल केल्याशिवाय त्यांचा गौरव पुरा व्हायचा नाही. एका मोठ्या बांधकामावर मी अपंगांसाठीची रुंद केबिन पार टोकाला, खडीत ठेवली. शिवाय आत झाडू-बादल्या भरून कुलूप ठोकलं. कोण येतंय वापरायला? तिथले स्टोअरकीपर चाकाच्या खुर्चीवर असतात, साध्या केबिनच्या दारातून ती खुर्ची जात नाही, हे मला रोज दिसत होतं. दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं.

बाई पाहणीला आल्या, तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्यांची नजर आधी गेली ती स्टोअरकीपरांच्या टेबलावरच्या बाटलीवर. काठोकाठ भरलेली.

"दिवसभर पाणी प्यायला नाहीत?"

"तहानच लागत नाही, बाई."

"लागत नाही, की लागू देत नाही?"

स्टोअरकीपरांनी बाटली टेबलाखाली सरकवली. नोकरी सोडायचा अर्ज त्यांनी लिहून ठेवला होता, हे मला मागाहून समजलं.

बाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. एक जादा चाकाची खुर्ची मागवली, मला तीत बसवलं आणि म्हणाल्या, "केबिनपर्यंत जाऊन या." खडीत शिरतो न शिरतो तोच चाकं रुतली. सगळी साइट बघत होती. महोदय, मला दरदरून घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत केबिन सपाट जागी आली, दाराशी उतार बसला, आत खुर्ची पुरती वळते का ते टेपनं मोजून झालं. कुलूप गेलं बाईंच्या पर्समध्ये. तेव्हापासून नियम आहे: मांडणाऱ्यानं फाटकापासून केबिनपर्यंत स्वतः खुर्चीतून जायचं, मगच बाईंची सही. आज एकाही कामावर हा नियम मोडत नाही. जिंकलात, बाई. आमच्यासारख्या अडेलतट्टूंना जिंकलंत.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. जाता जाता एकच सांगतो. ते स्टोअरकीपर इथे पहिल्या रांगेत बसलेत. तो अर्ज त्यांनी कधीच फाडून टाकला. मघाशी त्यांनी मला हाक मारली आणि रिकामी बाटली पुढे केली. मी ती भरून आणून दिली.