नावाच्या जागी खोकला

— नाई बाई, नुसतं धुकं नोहे ते. म्हणजे धुकंबी हाय, डिसेंबर लागला, नाल्यावरून सकाळी धुकं उठतेच — पण आमच्याइकडं धुकं एकटं येत नाई, कोळशाच्या खदानीचा धुळा पाठीवर घेऊन येते. आज घरातून निघालो तं समोरचं बोरीचं झाड दिसे ना. सूर्य कसा, तं राखेत पडलेल्या भाकरीवानी. कपाशीचं बोंड फुटते ते आतून पांढरं अन् वरून काळं. हे धोतर कालच धुतलं, पाहा तुमी. — हो, बसतो. तपासा. पण आधी ऐका. मी हळू बोलतो, मले तशीच सवय हाय. — आजोबा नोका म्हणू, इकडं कोणी म्हणत नाई. देवाजीबाबा म्हणा. नाई तं नुसतं बाबा.

मी दवा घ्याले नाई आलो. खोकला माझा हाय, त्याले मी पाहून घेतो. तुमी एकच करा — माझ्यासंग ठाण्यात चला, नाई तं त्या फोनवरून ठाणेदाराले सांगा का हा म्हातारा खोटा नाई खोकलत. बस, एवढंच. त्यायनं सोता म्हटलं, "डॉक्टरीणबाई म्हणत असन का बिमारी खरी हाय, तं मंग पाहू." पाहू म्हटलं. पाहू म्हणजे अर्धं हो असते का नाई? — माझा नातू, प्रफुल, काल दुपारपासून आत हाय. आज त्याले चंद्रपूरच्या कोर्टात नेतेत, अन् शिपाई सांगत होता का ते जंगलवालं कलम लावाचं चाललं हाय. समजलं ना? बंदुकीवाल्या नक्षल्यायचं. ते लागलं का पोट्टा म्हातारा होऊनच बाहेर येते, अन् मी तं तवा नाईच. त्याचे मायबाप तेलंगणात मिरची तोडाले गेले, फोन लागत नाई. इथी मीच हाय.

काय केलं त्यानं? गाणं म्हटलं. नाई, भीमगीत नाई — ते आधी म्हणत होता, गोड गळा होता. मंग चंद्रपूरले आयटीआयले गेला अन् येताना ती करंटवाली गिटार घेऊन आला. चार पोट्टे जमवले, बँडचं नाव ठेवलं 'राखड'. कोळसा जाळून वीज बनवली का मागं राख उरते ना, ते राखड. रॉक म्हणतेत त्या गाण्याले. मले तं वाटलं, टिनावर माकडं नाचून राह्यले. पण बोल समजत होते, बाई. बोल आमचेच होते. पहिले हसू ये, अन् हसून झाल्यावर भेव वाटे.

कोणाचा माणूस हाय, म्हणता? सारे हेच विचारतेत. कोणाचाच नाई! निवडून खुर्चीवर बसलेल्या साहेबावर गाणं केलं तं विरोधातल्यायनं त्याले खांद्यावर घेतलं. मंग त्यायच्यावर केलं तं त्यायनंच खाली आपटलं. ठेकेदारावर केलं, सरपंचावर केलं — अन् सरपंच आमचाच, जयभीमवाला, माझ्या बहिणीचा नातजावई. मी म्हटलं, "अरे, आपला माणूस हाय." तं म्हणते, "बाबा, आपल्याले सोडलं तं दुसऱ्याले कोणत्या तोंडानं म्हणू?" एक गाणं तं जंगलातल्या दादालोकायवर केलं — लोकायसाठी लढतेत अन् लोकायलेच सैपाक कराले लावतेत, असं काईतरी. तिकडून निरोप आला, हे गाणं बंद. अन् इकडून पोलिसायचाबी निरोप — हेच गाणं नोको, वातावरण खराब होते. प्रफुल हसे. म्हणे, "बाबा, हे दोघं एकमेकायवर गोळ्या झाडतेत, पण एका गोष्टीवर दोघायचं जमलं पाहा." — अन् आता त्यालेच ते कलम. सांगा तुमी.

हां, खोकला — त्याच्यावरच येऊन राह्यलो. तुमी साताऱ्याकडल्या, तुमाले मारबत माहीत नसन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सारा गाव मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, घेऊन शिवेबाहेर जाते अन् जाळून येते. जे जे नोको ते तिच्यासंग पाठवाचं, ओरडून — रोगराई घेऊन जा गे मारबत, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत. त्या दिवशी कोणाचंबी नाव घ्या, पाटलाचं घ्या, जावयाचं घ्या, कोणी राग मानत नाई. प्रफुलनं त्याचंच गाणं बांधलं. धुळा घेऊन जा, राखड घेऊन जा, अन् तिसऱ्या जागी साहेबाचं नाव. मी म्हटलं, "बाबू, एका दिवसाची मुभा असते, तू वर्षभर काऊन म्हणते?" तं म्हणे, "मंग साहेब का एकच दिवस असते?"

वरोऱ्याच्या कार्यक्रमाले परवानगी मागितली तं तिथी सांगितलं, नाव कापा. मीबी म्हटलं, काप. पाया पडलो म्हणा ना — नातवाच्या. एक नाव गेल्यानं काय बिघडते? गाणं तं राहते! त्यानं मले उठवून खाटेवर बसवलं. मंग म्हणे, "बाबा, त्यायनं कापलं तं कात्री त्यायच्या हातात हाय. मी कापलं तं ती माझ्या हातात येते. अन् एकदा हातात आली का उद्या कोणी सांगाच्या आधीच मी कापत बसन." मले हे पूरं नाई समजलं. थोडंसं समजलं. — पण कापलं त्यानं. माझ्यासाठी कापलं. घरी सराव करून राह्यले होते, नावाच्या जागी सारे चूप झाले, अन् मी खाटेवर पडलेला, मले तवाच खोकला आला. घेऊन जा गे मारबत! पोट्टे हसून हसून लोळले. मोबाइलमंदी भरून घेतला त्यायनं. वरोऱ्यात नावाच्या जागी मशीनीतून माझा खोकला वाजला, अन् सारी पब्लिक त्याच्यामागून खोकलली. नाव घेतलं असतं तं अर्ध्यायनं टाळ्या मारल्या असत्या, अर्धे उठून गेले असते. खोकला तं साऱ्यायचाच होता. मंग पुढच्या टायमाले परवानगीवाल्यायनं तोंडी सांगितलं — गाण्यात खोकला नोको. खोकल्यावर बंदी, बाई! — पण थांबा, मशीनीतला खोकला माझा हाय हे ठाण्यात नोका सांगू. त्यायले माहीत नाई. मी असाच बोलून गेलो.

परवाचं सांगतो. परवा साहेब गावात आले, बगीच्याच्या उद्घाटनाले. खदानीतून काढलेल्या मातीचा डोंगर हाय ना, त्याच्यावर झाडं लावले, झुला लावला. प्रफुल गावात नव्हता. मीच म्हटलं होतं, जा चंद्रपूरले, आज इथी दिसू नोको. मले पहिल्या लाइनीत बसवलं, साऱ्यात म्हातारा म्हणून, अन् शिकवून ठेवलं — साहेब विचारतीन काई तरास हाय का, तं म्हणाचं, नाई साहेब, हवा एकदम चांगली. मी शाळेत नाई गेलो, पण एवढं पाठ झालं होतं, सकाळपासून तेच घोकत होतो. साहेब स्टेजवरून उतरले, खांद्यावर हात टाकला, माईक असा तोंडासमोर — "सांगा बाबा, काही त्रास?" मी तोंड उघडलं अन् खोकला आला. खरा. बाबासाहेबाची शपथ घेऊन सांगतो, खरा. भोंग्यातून साऱ्या गावात गेला. मागून कोणी हसलं. साहेबायनं पाणी देलं, पुन्हा विचारलं, पुन्हा आला. मंग एक बाई खोकलली, मंग पोट्टे, मंग आंगणवाडीचे लेकरं, अन् मंडपातला एक पोलीस — त्याले खरंच आला असन, त्याची ड्युटीच खदानीच्या रोडवर. सारा मंडप खोकलत होता अन् हसत होता. साहेबायनं हसणं बंद केलं अन् गाडीत जाऊन बसले. अन् काल प्रफुलले उचललं — म्हणतेत, त्यानंच गावाले शिकवलं, सभा उधळाचा डाव केला, म्हाताऱ्याले पुढं बसवला. आता तुमी म्हटलं का म्हाताऱ्याचा खोकला बिमारीचा हाय, तं डाव राह्यला कुठी? हाय का नाई?

काय लिहून राह्यल्या? — बिडी? मले वाचता नाई येत, पण मागच्या खेपेले मेडिकलवाल्यानं वाचून सांगितलं, बिडीचा खोकला. बाई, मी जिंदगीत बिडी नाई ओढली. तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो, लपवत नाई, हे दात पाहा. खर्र्यानं खोकला येते का? आमच्या गावच्या मंगलीचंबी तुमी बिडीच लिहिलं. तिनं तं खर्राबी नाई खाल्ला कधी. अन् ते आंगणवाडीचे लेकरं, तेबी बिडीच ओढतेत का? धुळा म्हणून शब्द नाई का तुमच्या डॉक्टरीत? का त्याच्यावरबी कोणी… — नाई, नाई, रागानं नाई म्हणत. पाया पडतो. बिडी लिहा. बिडीचा तं बिडीचा, पण खरा हाय एवढं सांगा! पोट्टा सुटला का मी रोज बिडी ओढीन, तुमचं लिहिलेलं खोटं होऊ देणार नाई.

काय? — किती वेळा आला? तीनदा. — दोनदा सांगितलं का मी आता? हो. दोनदा… तिसऱ्या वेळी साहेब माईक परत घेऊन राह्यले होते. पाणी प्यालो होतो, गळा साफ होता. मले म्हणता आलं असतं, हवा चांगली हाय साहेब. पाठच होतं. अन् मी खोकललो. तो मी काढला, बाई. काऊन, ते मले नाई माहीत. कोणी जिंदगीत माझ्या तोंडासमोर माईक नाई धरला, अन् धरला तो परत चालला होता. त्या तिसऱ्यावरच सारा मंडप खोकलला. — हे मी कशाले सांगितलं तुमाले? हे सांगाचंच नव्हतं. पहिले दोन खरे हाय. तुमी दोनचंच सांगा. तिसरा सोडून द्या. सोडता ना? — बाई, बोला ना काई.

बेल नोका वाजवू, उठतो मी. तुमालेबी कोणी सांगून ठेवलं असन. तुमची नवी नोकरी, तुमचे मायबाप तिकडं दूर. मले राग नाई. — अन् तो रुमाल एवढा गच्च नोका दाबू तोंडावर. खोकला येऊन राह्यला तं येऊ द्या. दाबला का छातीत बसते… चाललो मी. आमच्या शेजारची सत्यशीलाबाई सकाळी माझ्यामागं रस्त्यापर्यंत आली होती, मीच तिचं मनावर नाई घेतलं. म्हणे, "बाबा, ते डॉक्टरीण काई बोलणार नाई. नाई बोलली तं घरी नोका येऊ. ठाण्यासमोरच्या ओट्यावर बसा अन् खोकलत राहा. पोट्ट्याले आतमंदी समजलं पायजे, बाबा बाहेर बसले हाय म्हणून."