भागाकार राहिलाच

...नाही, मी ढ नव्हते हो! तुम्हाला सांगते, मला भागाकार येत नाही यात माझा काडीचाही दोष नाही. बाबा पूल बांधणाऱ्या कंपनीत, पूल झाला की आम्ही निघालो! एका शाळेत भागाकार सहामाहीनंतर, आणि आम्ही सहामाहीलाच निघालो, नव्या शाळेत जाऊन बघते तर बाई म्हणतात, "भागाकार? तो तर आमचा पहिल्या सत्रातच झाला, बाळ." झालं! उलट बेडकाचं जीवनचक्र मात्र तीन शाळांत तीनदा... बेडूक मला आता चुलतभाऊच वाटतो. इतिहासात लढाईला तोंड लागलं, राजानं तलवार उपसली, आणि तेवढ्यात टेम्पो दारात! जिंकलं कोण? कुणाला ठाऊक!

आणि हजेरी? नवी मुलगी, म्हणून नाव कायम शेवटी, मागाहून लिहिलेलं. सर हजेरीपट मिटायचे तेव्हा मी 'हजर' म्हणायची... ऐकायचं कुणीच नाही. डबा खाताना मी भिंतीकडे तोंड करून बसायची, म्हणजे आपणच तसं ठरवलंय असं वाटतं. एखादी 'तुझं नाव काय गं' विचारायला लागली, की तेवढ्यात टेम्पो दारात!

दहावीला मात्र आई अडून बसली. म्हणाली, "पूल तुमचा, परीक्षा हिची. या वर्षी मी हलणार नाही." बाबा एकटेच गेले. आणि काय सांगू, मला चक्क मैत्रीण मिळाली! शेजारच्याच घरातली, माझ्याच बाकावरची. रोज संध्याकाळी जिन्यात बसून मला भागाकार शिकवायची. "वरचा अंक खाली घे... अगं, घाबरतेस काय?" माझं गणित सुटायला लागलं हो! वाटलं, आता पास होणार, दोघी एकाच कॉलेजात जाणार. दशांश चिन्हापर्यंत पोचलो होतो... आणि तेवढ्यात टेम्पो दारात.

आमच्या नाही. तिच्या! तिच्या वडिलांची बदली.

तिची आई कपबशा नुसत्याच खोक्यात भरत होती, मला बघवेना. म्हटलं, काकू, सरका तुम्ही. प्रत्येक कपात कागदाचा बोळा, बशा उभ्या, वरून दोरीला आमची घरची गाठ. मैत्रीण दारात उभी राहून रडतेय आणि मी आपली तिचंच घर बांधून देतेय! टेम्पो गेल्यावर जिन्यात जाऊन बसले. एकटीच. फार एकटं वाटलं हो.

गणितात नापास झाले, दशांशातच. तिचा फोन आला, म्हणाली, "एकही कप फुटला नाही गं."

फुटेल कसा? सगळ्या शाळा मिळून तेवढा एकच विषय माझा पूर्ण झाला होता...